जपानमध्ये मंत्री व्हायचंय? आधी आजोबा नीट निवडा

जपान सरकारात मंत्री व्हायचं, मनाला येईल ते बोलायचं आणि तरी खुर्ची सोडायची नाही, असा तुमचा बेत असेल तर इकडेतिकडे शोधत बसू नका. तारो आसो यांची कारकीर्द समोर ठेवा. हे गृहस्थ परराष्ट्रमंत्री होते, २००८-०९मध्ये पंतप्रधान होते, आणि डिसेंबर २०१२ ते ऑक्टोबर २०२१ सलग उपपंतप्रधान व अर्थमंत्री. युद्धानंतरच्या जपानात अर्थखात्यावर इतकी वर्षं सलग कुणी बसलेलं नाही. या मुदतीत त्यांनी म्हातारी माणसं, मूल न होऊ देणारे लोक, कोरोनाने बेजार झालेले देश, सगळ्यांना चार शब्द सुनावले. एकाही वाक्यापायी मंत्रिपद गेलं नाही.

सुरुवात जन्मापासून. इथे हयगय केलीत तर पुढचं सगळं जड जातं. आईचे वडील शिगेरू योशिदा असावेत, म्हणजे हरलेल्या जपानला पुन्हा उभं करणारे पंतप्रधान. त्याच बाजूने आणखी मागे गेलं की मेइजी काळातले, म्हणजे एकोणिसाव्या शतकात आधुनिक जपान घडवणाऱ्यांतले, ओकुबो तोशिमिची खापरपणजोबा म्हणून सापडावेत. वडिलांकडे फुकुओकाच्या चिकुहो भागातल्या कोळसा खाणी असाव्यात, आणि कोळशाचे दिवस सरले की सिमेंट. लग्न करताना सासरे माजी पंतप्रधान बघा (आसोंनी झेंको सुझुकींची मुलगी केली) आणि बहीण राजघराण्यात द्या. मधल्या काळात थोडं हिंडून घ्यायला हरकत नाही: स्टॅनफर्ड, लंडन, सिएरा लिओनमध्ये हिऱ्यांच्या खाणीचं काम, १९७६ला माँट्रियल ऑलिंपिकमध्ये स्कीट नेमबाजी. तिथे ४१वे आलात तरी चालतं. पत्रकावर फक्त ‘ऑलिंपिक खेळाडू’ एवढंच छापायचं असतं.

घरच्या खाणींची एक अडचण मात्र असते, त्यांची जुनी दप्तरं. युद्धकाळात आसो घराण्याच्या योशिकुमा खाणीत ३०० युद्धकैदी राबत होते: १९७ ऑस्ट्रेलियन, १०१ ब्रिटिश, २ डच. सक्तीने आणलेले कोरियन मजूर वेगळेच. अमेरिकी वर्तमानपत्राने हा विषय काढला तर रागावू नका, वाणिज्य दूतावासाला पुढे करून ‘पुरावा दाखवा’ म्हणावं. २००६मध्ये आसो परराष्ट्रमंत्री असताना न्यूयॉर्कच्या वाणिज्य दूतावासाने तेच केलं. दोन वर्षांनी पुरावा निघाला तो खुद्द जपानच्या आरोग्य मंत्रालयाच्या कागदांत. तोवर आसो पंतप्रधान झाले होते. संकेतस्थळावरचं खंडन काढून टाकलं, विषय मिटला.

आता मतदारसंघ. जपानी राजकारणी तीन वस्तू मोजतात: जिबान, कानबान आणि काबान. म्हणजे बांधलेली मतं, पाटीवरचं नाव आणि पैशांची बॅग. तिन्ही शक्यतो वारशानेच घ्याव्यात, बाजारभावाने परवडत नाहीत. एका जागेच्या मतदारसंघात अनामत रक्कमच ३० लाख येन आहे आणि वैध मतांच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी मतं पडली तर ती जप्त होते. बिनपाटीच्या नवख्याला तिथेच घाम फुटतो. वारसदाराला पडायची भीती नसते असं नाही. १९७९ला निवडून आलेले आसो १९८३ला पडले होते. पण पाटी उतरवावी लागत नाही, पुढच्या खेपेला तीच चालते.

निवडून आलात की कोएनकाई, म्हणजे तुमचं समर्थक मंडळ, जपा. नववर्षाची जेवणं, बसच्या सहली, लग्नं, अंत्यविधी. अंत्यविधीला फार सांभाळून. सांत्वनाचं पाकीट तुम्ही स्वतः हजर राहून दिलंत तर कायदा शिक्षा करत नाही. सचिवाच्या हाती धाडलंत तर तेच पाकीट मतदाराला वाटलेला पैसा ठरतं. व्यापारमंत्री इश्शू सुगावारांना २०१९मध्ये हेच नडलं. सचिवाने वीस हजार येन पोचते केले, साप्ताहिकाने ते छापलं, मंत्रिमहोदय दीड महिन्यात घरी. खरबुजं आणि खेकडे वाटल्याचा बोभाटा झाला तो वेगळाच.

पक्षात स्वतःचा गट हवाच. आसोंच्या लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाला (पक्ष सत्तेत असला की अध्यक्षच पंतप्रधान होतो) उभं राहायचं तर वीस खासदारांच्या शिफारशी लागतात, आणि वीस माणसं ऐन वेळी गोळा होत नाहीत, ती वर्षानुवर्षं पोसावी लागतात. आसो २००१, २००६ आणि २००७ला हरले, चौथ्या खेपेला २००८मध्ये जिंकले. २०२३च्या अखेरीस उघड झालेल्या निधीच्या घोटाळ्याने २०२४मध्ये बाकीचे गट पटापट बरखास्त झाले. आसोंचा राहिला.

एवढी तयारी झाली की मग तोंड उघडावं.

आपल्याकडे म्हणतात, धनुष्यातून सुटलेला बाण आणि तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही. आसो नेमबाज होते, त्यामुळे पहिला अर्धा भाग त्यांना मान्य असावा. शब्द मात्र जपानमध्ये परत येतो. त्याला तेक्काई म्हणतात, आणि ती नीट जमली तर माफी मागायचीही गरज पडत नाही. पद्धत सोपी आहे. ‘मी चुकलो’ म्हणायचं नाही. ‘गैरसमज होईल असं बोललं गेलं’ म्हणायचं, म्हणजे दोष ऐकणाऱ्याच्या कानाकडे जातो. मग ‘खेद वाटतो’, आणि पाठोपाठ ‘म्हणून विधान मागे घेतो’. पत्रकारांनी ‘नेमकं काय चुकलं?’ विचारलं तर हेच पुन्हा वाचून दाखवायचं.

मुदतीचा अंदाज हवा. जानेवारी २०१३मध्ये सामाजिक सुरक्षेच्या बैठकीत आसो म्हणाले की, वृद्धांना लवकर मरू दिलं नाही तर हा खर्चाचा प्रश्न सुटायचा नाही. बोलणारे स्वतः ७२ वर्षांचे. हे त्याच दिवशी मागे घेतलं. त्याच वर्षी २९ जुलैला राज्यघटना बदलण्याविषयी बोलताना म्हणाले की, नाझींच्या काळात जर्मनीचं वायमार संविधान कुणाला कळायच्या आत बदललं, ती युक्ती शिकली तर? हिटलर आला म्हणून तीन दिवस लागले, १ ऑगस्टला विधान मागे. २०१७ला पुन्हा हिटलर, हेतू कितीही बरोबर असला तरी उपयोग नाही वगैरे, आणि दुसऱ्याच दिवशी माघार. सरावाने हात बसतो.

परत घेतलेलं वाक्य टाकून द्यायचं नसतं, हे होतकरू मंत्र्यांच्या लक्षात येत नाही. लोकसंख्या घटते याचा दोष मूल न होऊ देणाऱ्यांचा, हे आसो २०१४च्या प्रचारात सपोरोला म्हणाले होते. फेब्रुवारी २०१९मध्ये फुकुओकात तेच पुन्हा म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी संसदेत पुन्हा मागे घेतलं. ‘एक देश, एक भाषा, एक वंश’ हेही तसंच. २००५ला क्युशूच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या उद्घाटनात वापरलं, २०२०च्या जानेवारीत परत बाहेर काढलं. आदल्याच वर्षी आयनू लोक हे मूळ रहिवासी असल्याचं सांगणारा कायदा याच सरकारने केला होता, पण अर्थमंत्र्याने सगळेच कायदे लक्षात ठेवायचे का?

हे सगळं वाचून हुरळलात आणि आजोबांशिवाय हा प्रयोग केलात तर काय होतं, तेही बघा. मासाहिरो इमामुरा २०११च्या भूकंपानंतरच्या पुनर्रचनेचे मंत्री होते. २५ एप्रिल २०१७ला म्हणाले, भूकंप ईशान्येकडच्या तोहोकुत झाला ते बरं, टोकियोजवळ झाला असता तर नुकसान प्रचंड असतं. त्यांनीही विधान मागे घेतलं, शब्द तेच, सूर तोच. दुसऱ्या दिवशी राजीनामा.

भाव विचारले तर काय करायचं, हा स्वतंत्र विषय आहे. ऑक्टोबर २००८मध्ये संसदेत पंतप्रधान आसोंना एका कप नूडल्सची किंमत विचारली. ते म्हणाले, चारशे येन असेल. ती होती १७० च्या आसपास. देश हसला, ते बसून राहिले. आता मे २०२५मधले कृषिमंत्री ताकू एतो बघा. पाच किलो तांदूळ चार हजार येनच्या वर गेलेला, आणि हे एका सभेत म्हणाले, मी तांदूळ कधी विकत घेतलेला नाही, समर्थक इतका देतात की विकता येईल. तीन दिवसांत पद गेलं. फरक बारकाईने पाहण्यासारखा आहे. आसोंना भाव ठाऊक नव्हता. एतोंनी आपल्याला भाव देण्याची गरजच पडत नाही हे सांगून टाकलं. अज्ञान खपतं, फुकटचा तांदूळ खपत नाही. त्यांच्या जागी शिंजिरो कोइझुमी आले, माजी पंतप्रधानांचे चिरंजीव, राजकारणातली चौथी पिढी. म्हणजे पुन्हा आजोबाच.

वाचन बेताचं असलं तरी अडत नाही. पंतप्रधान असताना आसोंनी भाषणांत सोप्या कांजींचे, म्हणजे जपानी लिपीतल्या चिनी अक्षरांचे, उच्चार इतके चुकवले की अवघड कांजी कशा वाचाव्यात हे सांगणाऱ्या पुस्तकांचा खप वाढला. प्रकाशन व्यवसायाला एवढी थेट मदत दुसऱ्या कुठल्या पंतप्रधानाने केली असेल?

खात्याचा कारभार करताना कागदाशी कसं वागायचं, तेही शिकून घ्या. जून २०१९मध्ये वित्तीय सेवा संस्थेच्या तज्ज्ञगटाने हिशेब मांडला: निवृत्त जोडप्याला पेन्शन धरूनही महिन्याला सुमारे ५५ हजार येन कमी पडतात, तीस वर्षांत ती तूट दोन कोटींच्या घरात जाते. वरच्या सभागृहाची निवडणूक तोंडावर. आसोंनी काय करावं? अहवाल स्वीकारलाच नाही. आपल्याच खात्याने मागवलेला अहवाल मंत्र्याने हातात घेतला नाही की तो अहवाल उरत नाही. संसदेत विषय निघालाच, तेव्हा आपल्या पेन्शनची काळजी आपण कधी केलेली नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. यावर अविश्वास दाखवायचं काहीच कारण नाही.

नको असलेला कागद आधीच फायलीत असेल तर प्रकरण अवघड. ओसाकाजवळच्या तोयोनाकात ९५ कोटी ६० लाख येनची सरकारी जमीन मोरितोमो नावाच्या शिक्षणसंस्थेला १३ कोटी ४० लाखांत गेली. पुढे अर्थमंत्रालयाने त्या व्यवहाराची १४ कागदपत्रं बदलल्याचं मार्च २०१८मध्ये कबूल केलं. ज्याला बदलायला लावलं त्या स्थानिक कर्मचाऱ्याने आत्महत्या केली. मंत्र्यांनी बारा महिन्यांचा मंत्रिपदाचा पगार परत केला. पद परत केलं नाही. थट्टेच्या लेखातही हा परिच्छेद थट्टेने लिहिता येत नाही, म्हणून पुढे जाऊ.

वय वाढलं की माफी दुसऱ्याकडून मागवून घ्यावी. ऑक्टोबर २०२१मध्ये, मंत्रिपद सोडून पक्षाचे उपाध्यक्ष झाल्यावर, आसो होक्काइदोतल्या ओतारूच्या प्रचारात म्हणाले की, इथला तांदूळ पूर्वी बेचव होता, आता चविष्ट झाला तो शेतकऱ्यांमुळे नव्हे, तापमान वाढल्यामुळे. होक्काइदोच्या संशोधन केंद्रांनी वर्षानुवर्षं संकर करून काढलेल्या नानात्सुबोशी, युमेपिरिका या जाती बहुधा हवेतून पडल्या असाव्यात. माफी मागितली पंतप्रधान किशिदांनी. २०२४ला आणखी पुढची पायरी आली. परराष्ट्रमंत्री योको कामिकावांचं कौतुक करताना त्यांना ‘बाई’ म्हटलं, दिसायला काही फार सुंदर नाहीत म्हटलं, आणि आडनाव कामिमुरा म्हटलं. कामिकावा म्हणाल्या, कुठलंही मत मी आदराने स्वीकारते.

हे सगळं वाचून आसोंना निव्वळ वाचाळ समजलात तर फसाल. भारताकडे बघायची जपानी नजर ज्यांनी बदलली, त्यांत ते आहेत. ऑक्टोबर २००८मध्ये मनमोहन सिंग टोकियोला गेले तेव्हा सुरक्षा सहकार्याचा जाहीरनामा झाला आणि दादरीहून उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरापर्यंतच्या मालवाहू रेल्वेमार्गाला ४५० अब्ज येनचं कर्ज ठरलं. मे २०१३मध्ये ते दिल्लीत म्हणाले की, गेल्या दीड हजार वर्षांत चीनशी संबंध सुरळीत होते असा काळच नाही, तुमचेही नाही, आमचेही नाही. असं वाक्य कुठल्या राजधानीत बोलायचं हे ज्याला कळतं, त्याची बाकीची वाक्यं चुकून सुटत असतील का, हा विचार तुमचा तुम्ही करा.

शेवटी निरवानिरव. नऊ वर्षं सांभाळलेलं अर्थखातं कुणाच्या हाती द्यायचं? आसोंच्या नंतर ते शुनइची सुझुकींकडे गेलं, म्हणजे त्यांच्या मेहुण्यांकडे. ऑक्टोबर २०२५मध्ये साने ताकाइची पक्षाध्यक्ष झाल्या त्या आसोंनी वजन टाकल्यावर. मग ८५ वर्षांचे आसो पुन्हा उपाध्यक्ष झाले आणि मेहुणे पक्षाचे सरचिटणीस. आसो १९७८ला जपानी जेसीजचे, म्हणजे तरुण उद्योजकांच्या संघटनेचे, राष्ट्रीय अध्यक्ष होते आणि पुढच्याच वर्षी खासदार झाले. २०२३ला त्याच जेसीजचे अध्यक्ष झाले त्यांचे चिरंजीव. आसोंच्या फुकुओका आठव्या मतदारसंघात नवखे म्हणून उतरायचा विचार असेल, तर तीस लाख येन भरण्याआधी एवढं बघून घ्या.