गांजाच्या धंद्याची कल्पना घेऊन आलेल्या मुलांना आपण काय सांगतो?

मी मिशिगनमधल्या एका विद्यापीठात उद्योजकता शिकवते. सेमिस्टरच्या तिसऱ्या आठवड्यात मुलं चार-चारच्या गटाने उभी राहतात आणि आपल्या धंद्याची कल्पना मांडतात. त्यात एक तरी गट गांजाचा असतोच. कधी गमी (गांजा घातलेल्या चघळायच्या गोळ्या) घरपोच देणारं ॲप, कधी रोपांसाठी दिवे, कधी दुकानदारांसाठी सॉफ्टवेअर. शब्द उच्चारला की वर्गात खसखस पिकते, आणि मग सगळे वळून माझ्याकडे बघतात. त्या दोन-तीन सेकंदांत मी काय बोलते त्यावर पुढचे तीन महिने ती मुलं माझ्याशी खरं बोलणार की नाही हे ठरतं.

माझं मत असं आहे की ही कल्पना वर्गात येऊ द्यावी आणि बाकी कुठल्याही कल्पनेपेक्षा जास्त कसून तपासावी. बंदी घालू नये. पण "तुमचं तुम्ही बघा" म्हणून अंगही काढून घेऊ नये. बहुतेक ठिकाणी या दोन्हींच्या मधलं एक मौन चालतं, आणि सगळ्यात जास्त नुकसान त्या मौनाने होतं असं मला वाटतं. का, ते माझ्याच चुकीवरून सांगते.

२०१९ च्या सुरुवातीला मी एका गटाला सरळ "नाही" म्हणाले होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये मिशिगनच्या मतदारांनी एकवीस वर्षांवरच्या माणसांसाठी गांजा कायदेशीर केला होता, दुकानं अजून उघडायची होती. मला विभागाचं काय म्हणणं आहे ते माहीत नव्हतं, विचारायची हिंमतही झाली नाही. म्हटलं, दुसरा विषय घ्या. आठवड्याने तीच चार मुलं "नैसर्गिक वेलनेस उत्पादनं" घेऊन आली. लोगोतलं पान काढलेलं, बाकी सगळं तेच. मी ओळखलं. मी ओळखलंय हे त्यांनीही ओळखलं. पुढचे बारा आठवडे कुणीच काही बोललं नाही. त्यांच्या अहवालात लायसन्सचा उल्लेख नव्हता, कराचा नव्हता, बँकेचा नव्हता, कारण नसलेल्या वस्तूचे नियम लिहिणार कसे? मी मार्क दिले आणि विषय संपवला.

त्यातल्या एकाने पुढे खरंच काकांबरोबर एका दुकानात पैसे घातले. दोन वर्षांनी त्याची मेल आली. एका ओळीची. "प्रोफेसर, दोनशे ऐंशी-ई बद्दल तुम्हाला तेव्हा माहीत होतं का?"

मला माहीत होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. राज्याने परवानगी दिली तरी अमेरिकेच्या केंद्र सरकारचा १९७० चा अमली पदार्थ कायदा वेगळा. त्यात गांजा पहिल्या यादीत टाकलेला, हेरॉइनच्या पंक्तीला. आणि १९८२ पासून आयकर कायद्यात २८०ई हे कलम आहे: पहिल्या किंवा दुसऱ्या यादीतल्या पदार्थाचा व्यापार करणाऱ्याला धंद्याचा खर्च वजा करता येत नाही. मिनियापोलिसच्या एका अमली पदार्थ विक्रेत्याने करन्यायालयात जाऊन आपला खर्च वजा करून घेतला होता, त्यावर चिडून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, हे कलम आणलं. मालाची मूळ किंमत तेवढी वजा होते. भाडं, पगार, जाहिरात, वीज यातलं काही नाही.

आता हे गणित मी दरवेळी फळ्यावर मांडते. विक्री दहा लाख डॉलर. मालाची किंमत सहा लाख. उरले चार लाख. दुकानाचं भाडं, पगार, पहारेकरी वगैरे मिळून तीन लाख तीस हजार. हातात राहिले सत्तर हजार. साध्या कंपनीला २१ टक्क्यांनी कर बसेल चौदा हजार सातशे. गांजाच्या दुकानाला तोच कर चार लाखांवर बसतो: चौऱ्याऐंशी हजार. कमाई सत्तर, कर चौऱ्याऐंशी. मी खडू खाली ठेवते आणि काही बोलत नाही. मागच्या बाकावरून हमखास कुणीतरी विचारतं, "म्हणजे नफ्यात असूनही ते बुडणार?" बुडणार, किंवा खिशातून भरणार. आणि बुडालं तर केंद्राच्या दिवाळखोरी न्यायालयाचं दारही बंद, कारण ते न्यायालय केंद्राचं.

करआकारणी शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला पंधरा वर्षांत सापडलेलं नाही. मुलं त्या दिवशी झोपत नाहीत.

मे २०२४ मध्ये केंद्राने गांजा तिसऱ्या यादीत हलवण्याचा प्रस्ताव काढला. तिसऱ्या यादीला २८०ई लागत नाही, त्यामुळे हे सगळं गणित एका सहीने बदलू शकतं. म्हणून मी दर सेमिस्टरला ताजा नियम काय आहे ते तपासते आणि मुलांनाही तारीख घालूनच लिहायला लावते. "कायदा असा आहे" हे वाक्य तारखेशिवाय मी स्वीकारत नाही.

भावाचंही तेच. जानेवारी २०२० मध्ये मिशिगनच्या दुकानात एक औंस गांजा पाचशे डॉलरच्या वर होता. २०२२ संपता संपता तो शंभराच्या खाली आला. लायसन्सची संख्या मर्यादित नव्हती, ज्याला त्याला पीक घ्यायचं होतं, माल बाजारात ओतला गेला आणि राज्याबाहेर नेणं गुन्हा. आमच्या मुलांच्या प्रस्तावात पाचव्या वर्षाच्या अंदाजात भाव मात्र वर चढत असतो! शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मराठी वाचकाला यातलं काही समजावून सांगायची गरज नाही. पीक चांगलं आलं की भाव पडतो.

२०२३ मधल्या एका गटाच्या सहाव्या स्लाइडवर लिहिलं होतं, "पेमेंट: क्रेडिट कार्ड." मी म्हटलं, शहरातल्या तीन दुकानांना फोन करा आणि विचारा. मुलं पुढच्या तासाला आली ती चेहरे पाडून. मोठ्या कार्ड कंपन्या हे व्यवहार घेत नाहीत. २०१४ पासून बँकांना खातं ठेवायची वाट आहे, पण अशा प्रत्येक खात्याबद्दल त्यांना केंद्राच्या अर्थ विभागाला संशयास्पद व्यवहाराचा अहवाल धाडत राहावं लागतं, त्यामुळे बऱ्याच बँका भानगडीतच पडत नाहीत. दुकानदार रोकड मोजत बसतात आणि ती सांभाळायला पहारेकरी ठेवतात. ब्रँडचं नाव केंद्रात ट्रेडमार्क करायला गेलं तर ज्या मालावर ते लावायचं तो मालच बेकायदा, म्हणून नोंद होत नाही. सरकारी हमीचं छोट्या उद्योगांचं कर्ज नाही. राज्यातल्या कितीतरी गावांनी आमच्याकडे दुकान नको असा ठराव केलेला. एवढं सगळं त्या चार मुलांनी स्वतः शोधून काढलं. दिवे विकणाऱ्या किंवा सॉफ्टवेअर विकणाऱ्या गटालाही हे चुकत नाही, गिऱ्हाइकाचे हाल ते विक्रेत्याचे हाल.

आणखी एक साधी गोष्ट, जी मोठ्या चर्चेत सगळेच विसरतात. माझ्या वर्गातली निम्मी मुलं एकोणीस-वीस वर्षांची आहेत. एकवीसच्या आत त्यांना माल विकत घेता येत नाही, दुकानाचं लायसन्स तर दूरच. तरी ग्राहकांच्या मुलाखती घ्या म्हटलं की ती वसतिगृहातल्या मित्रांना विचारतात, कधी घेतोस, किती घेतोस, कुणाकडून घेतोस. तो कागद म्हणजे एकवीसच्या आतल्या ग्राहकाने केंद्राचा आणि राज्याचाही कायदा मोडल्याचा दिलेला जबाब झाला, वर नाव लिहिलेलं. माझ्या वर्गात आता नियम आहे: मुलाखत फक्त एकवीसच्या वरच्यांची, नाव नाही, सवयीचे प्रश्न नाहीत. दुकानदार, प्रयोगशाळावाले, नगरपालिकेचे अधिकारी यांना हवं ते विचारा.

विद्यापीठातले लोक घाबरतात ते १९८९ च्या कायद्याला. केंद्राचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने आवारात आणि संस्थेच्या उपक्रमांत अमली पदार्थ बाळगणं, घेणं, वाटणं याला मनाई केली पाहिजे असं तो सांगतो. विद्यार्थ्यांची केंद्रीय मदत त्यावर अवलंबून आहे, त्यामुळे भीती खोटी नाही. पण शिकवणं, अभ्यासणं, आकडे मांडणं याला त्यात कुठे मनाई आहे? आमच्याच राज्यात नॉर्दर्न मिशिगन विद्यापीठाने २०१७ मध्ये औषधी वनस्पतींच्या रसायनशास्त्राची पदवी सुरू केली, गांजा उद्योग समोर ठेवून. मेरीलँड विद्यापीठाच्या फार्मसी विभागात २०१९ पासून वैद्यकीय गांजाची मास्टर्स आहे. नमुना वर्गात आणायचा नाही, विद्यापीठाच्या बीजनिधीतला एक डॉलर द्यायचा नाही, या दोन रेघा मी पहिल्याच दिवशी ओढते. मार्क कागदावरच्या विचाराला मिळतात. पैसा हा वेगळा निर्णय आहे आणि तो माझा नाही.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर हे लिहायला बसले ती.

त्याच २०२३ च्या गटात आपल्याकडची एक मुलगी होती. मास्टर्सला आलेली, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसा, घरच्यांनी कर्ज काढून पाठवलेली. गट तिने निवडला नव्हता, वाटपात आला होता. ऑफिस अवर्समध्ये ती आली, दार लावून घेतलं आणि मराठीत बोलायला लागली. एरवी ती माझ्याशी इंग्रजीतच बोलायची.

"मॅडम, माझं नाव स्लाइडवर नको असलं तर मार्क जातील का?"

मी म्हटलं, "अगं, का नको?"

तिने फोन पुढे केला. गटातल्या एकाने उत्साहाने चौघांचा फोटो लिंक्डइनवर टाकला होता: आमच्या गांजा स्टार्टअपचे सहसंस्थापक. त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तो इथला नागरिक, राज्याचा कायदा त्याच्या बाजूचा. पण परदेशी नागरिकाला केंद्राचाच कायदा लागू. एप्रिल २०१९ मध्ये नागरिकत्व खात्याने स्पष्टच लिहून टाकलं की राज्यात कायदेशीर असलेल्या गांजा उद्योगात काम केलं तरी नागरिकत्वाच्या अर्जात चांगल्या चारित्र्याची अट अडू शकते. व्हिसाच्या खिडकीवर अमली पदार्थांच्या व्यापाराशी संबंध आहे असं मानायला कारण मिळालं तरी पुरतं, गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही. वर्गातला प्रकल्प म्हणजे व्यापार नव्हे, हे मला कळतं. पण खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याला "सहसंस्थापक" हा शब्द दिसणार, माझा सिलॅबस नाही दिसणार.

ती म्हणाली, "घरी सांगितलं तर बाबा म्हणतील परत ये."

तिला मी त्याच दिवशी गट बदलून दिला, फोटो काढायला लावला, त्या मुलालाही बोलावून शांतपणे समजावलं. त्याला फार वाईट वाटलं, त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. दोष त्याचा नव्हता. गट पाडताना मी हे बघायला हवं होतं. तेव्हापासून माझ्या वर्गात गांजाच्या, दारूच्या, जुगाराच्या गटात कुणालाही वाटपाने टाकलं जात नाही. तिथे स्वतःहून जायचं, आणि कधीही कारण न सांगता बाहेर पडायचं. कारण न सांगता, हे महत्त्वाचं. कुणाचा व्हिसा असेल, कुणाचा धर्म असेल, कुणाच्या घरात व्यसनाने माणूस गेलेला असेल.

शेवटचा मुद्दा माझ्या एका सहकाऱ्याचा आहे, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांचं म्हणणं, वीस वर्षांच्या पोरांना नशेचा बाजार वाढवायला शिकवायचं आणि त्याला उद्योजकता म्हणायचं, हे शिक्षकाचं काम नाही. मी यावर खूप विचार केला. १९९५ च्या सुमारास जप्त मालात टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक, चार टक्के असायचं, २०१४ पर्यंत बारा टक्क्यांवर गेलं, आणि अर्क तर याच्या कितीतरी पुढे. २०२२ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात रोज किंवा जवळपास रोज गांजा घेणारे १ कोटी ७७ लाख होते, रोज दारू पिणाऱ्यांपेक्षा जास्त. धंदा याच लोकांवर चालतो. म्हणून गांजाच्या प्रत्येक गटाला मी विचारते: तुमचं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक कोण? त्याने निम्मं कमी केलं तर तुमचा धंदा उरतो का? एका गटाने हा आकडा मांडून पाहिला आणि कल्पना सोडून दिली. दुसऱ्याने नाही सोडली. त्या गटात डेट्रॉइटचा एक मुलगा होता, त्याचे मामा याच पदार्थासाठी तुरुंगात जाऊन आलेले. गोऱ्यांपेक्षा काळ्यांना गांजासाठी अटक होण्याचं प्रमाण देशभरात साडेतीन पटींहून जास्त होतं, हे एसीएलयू या नागरी हक्क संघटनेच्या २०२० च्या अहवालात आहे. तो म्हणाला, आता कायदेशीर झालं तर पैसे फक्त दुसऱ्यांनीच का कमवायचे? याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि असल्याचा आव मी आणत नाही.

पण सहकाऱ्यांना मी एक विचारलं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याचा मार्ग मोकळा केल्यापासून दरवर्षी दोन-तीन गट सट्ट्याचं ॲप घेऊन येतात. विभागाच्या बैठकीत त्यावर कधी कुणी हात वर केला का? एकदाही नाही.

त्या मुलीने दुसऱ्या गटात उत्तम काम केलं. तिच्यानंतर मी विद्यापीठाकडे एकच मागणी केली आहे: सेमिस्टरच्या पहिल्या पंधरवड्यात इमिग्रेशन वकिलाचा एक तास, आमच्या वर्गासाठी, फुकट. गट पडायच्या आधी. तीनदा लिहिलं. पहिलं उत्तर यायला अकरा आठवडे लागले, आणि त्यात लिहिलं होतं की विषय योग्य त्या समितीकडे पाठवला आहे. सेमिस्टर पंधरा आठवड्यांचं असतं. चौथं पत्र आज सकाळी टाकलं.