झाडं जुलैत लावायची, पण एप्रिलमध्ये डोंगर कोण सांभाळणार?

ठाणे आणि नवी मुंबईभोवतीचे हे डोंगर: येऊर, पारसिक, मुंब्र्याचा डोंगर, बेलापूर आणि खारघरच्या टेकड्या. फेब्रुवारी अर्धा सरला की पाऊस पडेपर्यंत यांतलं काही ना काही पेटलेलं असतंच. रात्री घोडबंदर रोडवरून किंवा सायन-पनवेल हायवेवरून केशरी रेघ वर सरकताना दिसते, लोक गाडीतून व्हिडिओ काढतात, स्टेटसला ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी विषय संपतो. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याच्या लेखी वणव्याचा काळ, पण गवत त्याआधीच वाळलेलं असतं. डिसेंबर २०१८ मध्ये गोरेगावला दिंडोशीजवळचा डोंगर भर हिवाळ्यात पेटला होता.

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळ पॅलिसेड्स आणि ईटनच्या आगी लागल्या, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कितीतरी दिवस तेच व्हिडिओ फिरत होते. हळहळ खरी होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण आपल्या डोंगरांवरच्या आगीबद्दल कुणी हळहळत नाही, कारण ती तशी दिसतच नाही. तिकडे सांता आना नावाच्या कोरड्या, जोरदार वाऱ्यांनी ठिणग्या उडवल्या आणि वस्त्याच्या वस्त्या गेल्या. आपल्याकडची आग जमिनीलगत चालते. गवत आणि पालापाचोळा खात गुडघ्याएवढ्या, फार तर कमरेएवढ्या ज्वाळा वर चढतात. मोठी झाडं काळी पडतात, पण बहुतेक उभी राहतात. ऐनासारख्या झाडाची जाड, भेगाळलेली साल ती झळ सोसते. मग जूनमध्ये पाऊस येतो, तीन-चार आठवड्यांत गवत वर येतं, डोंगर हिरवा दिसतो आणि आपण म्हणतो, चला, काही फार बिघडलं नाही.

बिघडलेलं बघायचं असेल तर वणवा विझल्यावर लगेच डोंगरावर जा. येऊरच्या एका जळलेल्या उतारावर मी बराच वेळ उकिडवा बसून बघत होतो. राखेत पांढरे ठिपके दिसले, ते गोगलगायींचे शंख होते. पावसाची वाट बघत पाचोळ्याखाली दडून बसलेल्या गोगलगायी जागच्या जागी भाजल्या होत्या. त्यांच्या आसपास बोटभर जाडीच्या काळ्या काड्या उभ्या होत्या. एक काडी हाताने मोडली तर आत अजून ओलसर पांढरा गाभा होता. कुड्याचं किंवा धामणाचं रोप असावं. बुंध्यापाशी जुने, वाळलेले खुंट होते. म्हणजे हे रोप याआधीही जळलं होतं, मुळातून पुन्हा फुटलं होतं आणि पुन्हा जळलं होतं. असं किती वर्षं चालणार? मुळात साठवलेलं संपलं की फुटवे येणं थांबतं. आज डोंगरावर जी मोठी झाडं आहेत ती जातील तेव्हा त्यांची जागा घ्यायला खाली कुणीच नसेल. मोकळ्या झालेल्या जागेत घाणेरी आणि रानमोडीसारखी झुडपं घुसतात, ती वाळली की पुढच्या वणव्याला सरपण होतं. कारवीचंही तसंच. हे झुडूप सात-आठ वर्षांनी एकदा फुलतं, बी धरतं आणि अख्खं रान एकदम वाळून उभं राहतं. नेमकं त्या उन्हाळ्यात आग लागली तर ते बीही जातं.

टिटवी आणि रातवा उघड्या जमिनीवर अंडी घालतात, आणि तीही याच दिवसांत. उडणारा पक्षी उडून जातो, अंडी तिथेच राहतात. शिवाय मातीचा प्रश्न आहे. पाचोळा आणि मुळं धरून ठेवतात म्हणून ती उतारावर टिकते. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातल्या पहिल्या मोठ्या सरी उघड्या, काळ्या उतारावर आदळल्या की वरचा सुपीक थर नाल्यात जातो आणि नाला खाडीत. मग पालिका नाल्यांतला गाळ काढत बसते.

हे सगळं लावतं कोण? फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे वीज क्वचितच पडते, वळवाचे ढग येतात ते मे महिन्याकडे. म्हणजे त्याआधीची जवळजवळ प्रत्येक आग माणसाच्या हातून लागते. चढावर बसून ओढलेली सिगरेट, पार्टीनंतर तशीच सोडलेली शेकोटी, कडेला पेटवलेला कचरा, ससा-डुकराच्या शिकारीसाठी लावलेली आग, जमीन साफ करून गिळायची म्हणून मुद्दाम लावलेली आग. गवत जाळलं की नवं चांगलं येतं, या समजुतीपायीही लावतात. कोवळे कोंब लवकर येतात हे खरं, पण दरवर्षी जाळत राहिलं की हळूहळू जाडंभरडं, गुरांनी तोंड न लावलेलं गवतच उरतं.

आणि आपण शहरवाले बोट दाखवतो ते पाड्यांकडे. ‘आदिवासी राब भाजतात, त्यातून लागतं.’ हे वाक्य ऐकलं की मला संताप येतो. राब म्हणजे भाताचं रोप टाकायच्या वाफ्यावर पाला, काटक्या, शेण, गवत पसरून ते जाळणं. तणाचं बी मरतं, राख खत होते. ते शेतात होतं, बांधाच्या आत होतं, वारा पडलेला बघून होतं आणि माणसं राखायला उभी असतात. कधी ठिणगी निसटत असेलही, नाही म्हणत नाही. पण वणवा लागला की सगळ्यांत आधी धावतात ती पाड्यावरचीच माणसं. त्यांच्या गुरांचा चारा, त्यांचं सरपण, पावसाळ्यातल्या त्यांच्या रानभाज्या त्याच उतारावर असतात.

आग विझवायची कशी हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. पाटोणपाड्याच्या एका मामांनी ओली डहाळी माझ्या हातात दिली आणि मी ती जोरात आपटायला लागलो तसे ओरडले, “झोडपू नको रे, दाब तिला! ठिणगी उडंल.” डहाळी ज्वाळेवर टेकवायची, जळालेल्या बाजूकडे ओढायची, पुन्हा टेकवायची. आग चढाकडे धावते, म्हणून तिच्या वरच्या बाजूला कधीही उभं राहायचं नाही. शेपटाकडून, कडेकडेने तिला आवळत न्यायचं. आणि विझली असं वाटल्यावरही थांबायचं, कारण वाळलेलं शेण आणि पडलेले ओंडके तासन्‌तास धुमसतात, वारा सुटला की पुन्हा पेटतात.

सगळं उपग्रहावर दिसतं, मग अडचण काय, असं कुणी म्हणेल. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था आगीचे इशारे पाठवते, वन अग्नी पोर्टलवर नाव नोंदवलं तर सामान्य माणसालाही मेसेज येतो. नोंदवाच. पण उपग्रहावरच्या ज्या व्हीआयआरएस या यंत्रावर त्यातले बरेच इशारे अवलंबून आहेत, ते आपल्यावरून जातं दुपारी दीडच्या सुमारास आणि रात्री दीडच्या सुमारास, आणि त्याचा एक ठिपका ३७५ मीटरचा. संध्याकाळी पाचला लागलेली आग त्याला दिसेपर्यंत अख्खी टेकडी काळी झालेली असू शकते. डोंगराखाली बसलेल्या माणसाची नजर त्यापेक्षा लवकर पोचते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की वृक्षारोपणावरचा पैसा आणि उत्साह निम्मा तरी इकडे वळवा. दर पावसाळ्यात कंपन्या, मंडळं, शाळा टेकड्यांवर रोपं लावतात, बॅनरसकट फोटो येतात. ती रोपं पहिल्याच उन्हाळ्यात वणव्यात सापडतात आणि पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यांत नवी लागतात. डोंगराला रोपं आणून द्यायची गरज फारशी नाहीच. मुळं जमिनीत आहेत, बी पडतंय. सलग पाच-सहा वर्षं आग लागू दिली नाही तर रान आपलं आपण उभं राहील. त्यासाठी जाळरेषा हव्यात, म्हणजे गवत काढून मोकळे केलेले पट्टे, आणि त्या डिसेंबर-जानेवारीतच, आग लागल्यावर नव्हे. आणि हवेत चार महिन्यांचे राखणदार, पाड्यांवरचे, पुरेशा मजुरीवर, वेळेवर पगार देऊन. एका वनरक्षकाच्या अंगावर अख्खा डोंगर टाकून हे होणार नाही. खारघर-बेलापूरकडे तर काही जमीन वनखात्याची, काही सिडकोची. आग ती हद्द बघत नाही, तर राखणही दोघांनी मिळूनच करायला हवी.

कायदा आहेच. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे, राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव संरक्षण कायदाही लागतो. पण रात्री उतारावर काडी कुणी टाकली हे सिद्ध करणं जवळपास अशक्य. राखण स्वस्त पडते.

धूर दिसला तर व्हिडिओच्या आधी १९२६ वर वनखात्याला फोन करा, वस्तीजवळ असेल तर १०१ ला. जागा नीट सांगा: कुठला पाडा, कुठलं देऊळ, कुठल्या टॉवरच्या मागे. अनुभव नसेल तर एकट्याने वर चढू नका.

आणि जी मंडळं येत्या ५ जूनला पुन्हा रोपं लावणार आहेत त्यांना विनंती. गेल्या वर्षी लावलेल्यांतली किती जिवंत आहेत ते आधी मोजून जाहीर करा. येत्या डिसेंबरात येऊरच्या बाजूला जाळरेषा काढायला कोण कोण येणार, ते खाली लिहा. कोयता-विळा नसला तरी चालेल, पाड्यावर मिळतो.