अहो, बाळंतिणीच्या खोलीत घुसताय!

कोकण किनाऱ्यावर थंडी पडली की समुद्री गरुडाची वीण सुरू होते आणि या पक्षी-फोटोग्राफरांची जत्राही! आंब्याच्या नाहीतर सुरूच्या शेंड्यावर काटक्यांचा भलामोठा ढीग, त्यात दोन अंडी, सुमारे सहा आठवडे उबवणं. आणि खाली? दहा कॅमेरे, तीन ड्रोन, एक वडापाववाला. (वडापाववाला निदान वर तरी बघत नाही.)

लांबून टिपणारी सहाशे मिलिमीटरची लेन्स घेतलीत ना लाखांनी? मग झाडाला चिकटून कशाला उभे राहता? "उडताना हवाय" म्हणून टाळ्या वाजवायच्या, फांदी आड आली की कोयता. मादी उठली की कावळे टपलेलेच. पण साहेबांना डोळ्यात फोकस मिळाला ना, झालं तर! वर पोस्टला घरट्याचं लोकेशन आणि खाली हॅशटॅग ‘निसर्गप्रेमी’. प्रेम? 1972 च्या वन्यजीव कायद्यात घरट्याला, अंड्यांना त्रास देणं चक्क शिकारीच्या व्याख्येत येतं, महाराज!

ही जोडी वर्षानुवर्षं तेच घरटं डागडुजी करून वापरते. म्हणजे पुढच्या वर्षीही पत्ता तोच. काल एकाने मलाच विचारलं, "काका, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय."