दोन्ही टोकांचा बंदोबस्त

बाळ बघायला आलेल्या माणसाच्या अंगात उंबरठा ओलांडताच धन्वंतरी संचारतो. चिरंजिवांच्या जिभेवर पांढरा थर दिसला. आई म्हणाली, "दूधच आहे ते." आत्याने "तोंड आलंय, बोरो-ग्लिसरीन लाव" असा हुकूम सोडला. शेजारच्या काकू तर मधाची बाटलीच घेऊन आल्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देत नाहीत, त्यातून बोटुलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते, असं बायकोने सांगितल्यावर त्यांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की मध नाही तो नाहीच, पण बोलणंही काही दिवस बंद.

डॉक्टरांनी ओल्या कापडाने जीभ हळूच पुसून पाहिली. दूध असतं तर निघालं असतं. हे ठाण मांडून बसलेलं. कॅन्डिडा नावाची बुरशी. मग त्यांनी नॅपी सोडली. नुसत्या ओलीने झालेली लाली जांघेच्या वळ्या सहसा सोडून देते. इथे वळ्याही लालभडक आणि कडेने बारीक पुटकुळ्यांची पलटण. म्हणजे वर-खाली एकच भाडेकरू!

वर क्लोट्रिमाझोलचं माउथ पेंट, खाली त्याचंच क्रीम. बायकोलाही छातीला लावायला मलम, नाहीतर आई बाळाला आणि बाळ आईला साभार परत करत राहणार. चोखण्या उकळायच्या. "आणि मला?" मी जरा मानाने विचारलं. "तुम्ही हात धुवा."

भिंतीला पेंट लावणं सोपं, कारण भिंत तोंड मिटत नाही. दूध पिऊन झालं की बोटावर थेंब घ्यायचा आणि गालाच्या आतून फिरवायचा, एवढंच काम. पण बिनदाताच्या हिरड्यांची पकड प्लंबरच्या पान्याला लाजवेल अशी असते. अर्धं औषध त्याच्या हनुवटीवर, उरलेलं माझ्या बनियनवर. बायको "लावलंस ना नीट?" विचारते तेव्हा मी बनियनकडे न बघता हो म्हणतो.

खालचा इलाज मात्र फुकट होता: हवा. जमेल तितका वेळ उघडं ठेवा, म्हणाले. मग हॉलमध्ये मेणकापड, त्यावर दुपटं, त्यावर दिगंबर महाराज. पाहुण्यांची रीघ चालूच. काकूंनी अबोला सोडला तो पावडरचा डबा घेऊनच. पावडर श्वासातून बाळाच्या छातीत जाते, म्हणून तोही बायकोने गोड हसून कपाटावर चढवला. लाली ओसरली, तरी मलम आणखी काही दिवस चालू ठेवायचं होतं आणि हवाही.

अशाच एका संध्याकाळी निवृत्त मामा आले. चष्मा नाकावर ओढून, पार वाकून त्यांनी तपासणी सुरू केली. "सुधारणा आहे," ते म्हणत होते, तेवढ्यात कारंजं उडालं. थेट चष्म्यावर. घरात क्षणभर कुणी हसलं नाही. मामांनी शांतपणे रुमाल काढला, काचा पुसल्या आणि जाहीर केलं, "किडन्या उत्तम आहेत."