पेशंट कुठे आहे?

हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर महिन्यातल्या एका शनिवारी मीटिंग असते. वजनाचं ऑपरेशन झालेले आणि करू की नको या विचारात असलेले, असे सगळे येतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ऑपरेशनला पाच महिने झाले होते. दारात सही करायला वही ठेवलेली. वहीमागच्या मुलीने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून मागे बघितलं आणि गोड आवाजात विचारलं, "पेशंट कुठे आहे?"

"मीच."

"अच्छा! मला वाटलं तुम्ही कुणाबरोबर आलात."

मुलगी वाईट नव्हती. तिने माझ्यासाठी खुर्चीसुद्धा ओढून दिली. पण हाच प्रश्न मी ऑपरेशनच्या आधीपासून वेगवेगळ्या तोंडून ऐकत आलेय, म्हणून आज एकदाच सगळं लिहून टाकते. लांबलं तर लांबलं.

माझी उंची १५५ सेंटिमीटर. ऑपरेशन ठरलं तेव्हा वजन ८४ किलो. आपल्याकडे ८४ किलोच्या बाईला जाड म्हणत नाहीत, निदान तोंडावर तरी नाही. "खात्यापित्या घरची" म्हणतात, "दोन बाळंतपणं झाली की होतंच गं" म्हणतात. भांडुपला सकाळच्या लोकलमध्ये चढून चौथ्या सीटवर टेकले की आधीच्या तिघी सुस्कारा सोडून सरकायच्या. माझ्या जाडीची जाहीर नोंद एवढीच.

आत मात्र साखर होती. छत्तिसाव्या वर्षी सुरू झाली. चाळिशी ओलांडली तेव्हा तीन गोळ्या चालू असूनही एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी, ९.६. डॉक्टर म्हणाले, आता इन्शुलिन. माझ्या बाबांची शेवटची चार वर्षं डायलिसिसमध्ये गेली. मंगळवार, गुरुवार, शनिवार. सुईसाठी त्यांनी हात पुढे करायचा आणि मी खिडकीबाहेर बघायचं, असा आमचा अलिखित करार होता. बाबांचं वजन होतं ६८ किलो. त्यांनाही जन्मात कुणी जाड म्हटलं नव्हतं.

पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक गाजलेला फोटो आहे, २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. काट्यावर दोघे एकसारखे आणि आत दुपटीहून जास्त फरक. मला हा फोटो आहारतज्ज्ञ बाईंनी दाखवला आणि मी पहिल्यांदा रडले. म्हणजे मी वेड्यासारखी बोलत नव्हते तर!

आता विम्याची गोष्ट. कंपनीचं नाव घेत नाही, कारण नियम सगळ्यांना सारखाच होता. विमा नियामकाचा नियम असा: बीएमआय ४० हवा, किंवा ३५ आणि सोबत आटोक्यात न येणारी साखर किंवा तसाच एखादा गंभीर आजार. माझी साखर आटोक्यात येत नव्हती, त्याचे कागद फाईलभर होते. बीएमआय किती? ८४ भागिले १.५५ चा वर्ग. नवऱ्याने मोबाईलवर तीनदा केलं. ३४.९६.

३५ भरायला ८४.१ किलो लागलं असतं. शंभर ग्रॅम! चहासोबत दोन बटर खाऊन गेले असते तरी चाललं असतं. आयुष्यभर ज्या बाईला "कमी कर, कमी कर" ऐकवलं, तिला पहिल्यांदाच तू कमी पडलीस म्हणून नाकारलं. मी फोनवर हसले, पलीकडच्या माणसाला वाटलं मला पटलं.

गंमत अशी की ४० आणि ३५ हे आकडे १९९१ सालचे, अमेरिकेत ठरलेले. या ऑपरेशनच्या अमेरिकन आणि जागतिक संघटनांनी २०२२ मध्ये ते बदलले. साखर असेल तर ३० पासून ऑपरेशन सुचवा आणि आशियाई लोकांना २७.५ पासूनच हा पर्याय द्या, असं लिहून ठेवलं. त्या हिशोबाने मी 'कमी' नव्हतेच, चांगली साडेसात आकडे वर होते. पण विम्याच्या फॉर्मवरचं आमचं साल १९९१ च. मग नवऱ्याने पीएफ काढला, मी पाटल्या मोडल्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये माझी बायपास झाली.

हो, बायपास. जठराचा वरचा कोपरा वेगळा करून साधारण ३० मिलिलिटरची पिशवी करतात आणि लहान आतडं वर आणून तिला जोडतात. उरलेलं जठर पोटातच राहतं, फक्त अन्न तिकडे जात नाही. सासूबाईंनी बिल्डिंगमध्ये सांगितलं, "सुनेची बायपास झाली." त्या खोटं बोलल्या नाहीत, फक्त पुढचं सांगितलं नाही. घरी आले त्या संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू शहाळं घेऊन हजर. माझा हात दोन्ही हातांत घेतला, डोळ्यांत पाणी. "एवढ्या तरुण वयात हार्ट गं..."

"काकू, हार्टची नाही. पोटाची. साखरेसाठी. वजनही कमी होतं."

हात लगेच सोडला नाही, पण पकड सैल झालेली मला कळली. "अगंबाई! पण तू कुठे एवढी..." वाक्य त्यांनी हवेत सोडलं. शहाळं मात्र ठेवून गेल्या. मी ते औषधाच्या टोपणाने दिवसभर घोट घोट प्याले.

"तू कुठे एवढी." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की रिंगटोन करून ठेवावं.

यात थोडा दोष २०१७ चाही आहे. इजिप्तच्या इमान अहमदला तेव्हा मुंबईत आणलं होतं. वजन पाचशे किलोच्या घरात सांगत होते, क्रेनने उचलल्याचे फोटो आठवडाभर पेपरांत होते. बिचारी त्याच वर्षी गेली. तेव्हापासून या ऑपरेशनचं एकच चित्र लोकांच्या डोक्यात बसलंय. क्रेन लागली तर पेशंट खरा. माझ्यासाठी क्रेन सोडाच, हॉस्पिटलात मी रिक्षातून उतरून चालत गेले, वर सुट्ट्या पैशांवरून भांडले.

आत मात्र ८४ किलोची म्हणून सवलत मिळाली नाही. तीच भूल, तीच पाच भोकं, गुठळी होऊ नये म्हणून त्याच संध्याकाळी उठवून चालवणं. रविवारी घरात सुरमई तळली जात होती आणि मी टेबलाच्या टोकाला बसून वरणाचं गाळलेलं पाणी टोपणाने मोजत होते. एक टोपण, थांबायचं. दुसरं टोपण, थांबायचं. धाकट्याने विचारलं, "आई, तू बाहुलीची भातुकली खेळतेयस का?" चौथ्या महिन्यात केस गळायला लागले. बाथरूमच्या जाळीतून रोज भेंडोळं काढायचे आणि कुणाला दिसू नये म्हणून कागदात गुंडाळून टाकायचे. बी-१२, लोह, कॅल्शियम आता जन्मभर, त्यातही लोह आणि कॅल्शियम एका वेळी घ्यायचं नाही. डोकं दुखलं तरी वाट्टेल ती पेनकिलर चालत नाही, जोडलेल्या जागी अल्सर होतो. गणपतीत एक, फक्त एक उकडीचा मोदक खाल्ला. वीस मिनिटांत दरदरून घाम, छाती धडधड, आरती चालू असताना मी आतल्या खोलीत आडवी. बाहेर जाऊबाई कुणाला तरी सांगत होत्या, "डाएटचं खूळ, दुसरं काय."

वजन उतरलं, पण सावकाश. सव्वा वर्षात २२ किलो. आज ६२.

मीटिंगमध्ये माईक फिरतो. एकजण उठला, १३१ किलोवरून ७९ वर आलेला. येताना जुनी जीन्स घेऊन आला होता, तिच्या एका पायात दोन्ही पाय घालून उभा राहिला. टाळ्याच टाळ्या. मीही वाजवल्या, मनापासून. मग माईक माझ्याकडे. मी म्हटलं, "बावीस किलो." टाळ्या पडल्या, नाही असं नाही. बारशाला उशिरा आलेल्या पाहुण्याचं स्वागत करावं तशा.

मी हिशोबी बाई, आयुष्य अकाउंट्समध्ये गेलं. घरी येऊन आकडेमोड केली. योग्य बीएमआय २५ धरला तर माझं जास्तीचं वजन होतं २४ किलो. त्यातलं २२ गेलं, म्हणजे ९२ टक्के. त्या दादांची उंची १६५ धरली तर त्यांचं जास्तीचं ६३, गेलं ५२, म्हणजे ८३ टक्के. मी जिंकले! खरं सांगायचं तर दुसऱ्या पद्धतीने, एकूण वजनाच्या टक्केवारीत, तेच जिंकतात, त्यांचे ४० टक्के आणि माझे २६. तो कागद मी फाडून टाकला. (आता सांगितलं.)

आणि एका रात्री याहून वाईट विचार आला. वाटलं, आपण आधी शंभरी गाठायला हवी होती. मग विमाही मिळाला असता आणि टाळ्याही. बाबांची फाईल ज्या कपाटात आहे त्याच्यासमोर उभं राहून मला हे वाटलं.

पुढच्या मीटिंगनंतर लिफ्टपाशी जीन्सवाले दादा भेटले. मी हसत हसत म्हणाले, तुमच्या जीन्सने आमचं मार्केट खाल्लं. ते हसले नाहीत. म्हणाले, "ताई, मला बघून रिक्षावाले मीटर न टाकता निघून जायचे. लिफ्टमध्ये शिरलो की लोक वजनाची पाटी वाचायचे. तुमच्याकडे कुणी बघत नाही म्हणता, मला तेच तर हवं होतं." लिफ्ट आली. आम्ही दोघं आत शिरलो आणि पाटी मीच वाचली, सवयीने. आठ माणसं, ५४४ किलो.

त्यांचं बोलणं मी मानते. जे त्यांनी भोगलं ते मी भोगलेलं नाही आणि त्यांच्या टाळ्या मला नकोत. पण म्हणून माझा मुद्दा पडत नाही. माझा आजार काट्यावर दिसतच नव्हता, तर माझं बरं होणं काट्यावर का शोधता? ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी माझी सकाळची साखर गोळीविना ११२ आली. तेव्हा वजन जेमतेम चार किलो उतरलं होतं. आतड्याचा रस्ता बदलला की आतली संप्रेरकंच वेगळी वागायला लागतात, वजनाची वाट बघत नाहीत. सव्वा वर्षाने एचबीए१सी ५.७, गोळ्या शून्य. डॉक्टर 'बरी झालीस' म्हणत नाहीत, साखर 'दबलीय' म्हणतात, पुन्हा डोकं वर काढू शकते. हे मला ठाऊक आहे. पण त्याबद्दल मला नणंदेपासून नाक्यावरच्या केमिस्टपर्यंत कुणीही काही विचारलेलं नाही. चूक, केमिस्टने विचारलं. "मॅडम, आजकाल गोळ्या दुसरीकडून घेता का?" त्याला पेढा दिला.

आता २०२५ पासून नवीन प्रश्न. वजन उतरवायचं इंजेक्शन माउंजारो आलं, मग वेगोव्ही आलं. गाडीतल्या मैत्रिणी म्हणतात, "बघ, उगाच कापून घेतलंस, वर्षभर थांबली असतीस तर इंजेक्शनवर भागलं असतं." असेलही. ज्यांना त्याने बरं वाटतंय त्यांच्यासाठी मला आनंद आहे. पण ९.६ घेऊन मी कशाची वाट बघत थांबायचं होतं? आणि गंमत म्हणजे, ज्या मला आधी "तुला कशाला ऑपरेशन" म्हणत होत्या, त्यातल्याच दोघी आता ७० किलोवर इंजेक्शनची चौकशी करतायत. मी नंबर दिला. "तू कुठे एवढी" म्हणाले नाही. तोंडावर आलं होतं, शपथ.

चौथ्या मजल्यावर एक बोर्ड आहे, 'आधी' आणि 'नंतर'च्या फोटोंचा. मागच्या महिन्यात वहीवाल्या मुलीने माझाही फोटो मागितला. माझा 'आधी'चा फोटो म्हणजे नणंदेच्या लग्नातला, पैठणीत, आणि त्यात मी छान दिसतेय, खोटं का बोलू. फोटोऐवजी मी लॅबचे दोन रिपोर्ट नेऊन दिले, एक ९.६ चा, एक ५.७ चा, नाव आणि पत्ता पांढऱ्या शाईने खोडून. ती गोंधळली. "मॅडम, यात काही दिसत नाही ना."

"म्हणूनच लाव."

तिने लावलेत. जीन्सवाल्या दादांच्या खाली, कोपऱ्यात, आग विझवायच्या लाल सिलिंडरच्या शेजारी. वाचायचे तर वाकावं लागतं. या शनिवारी गेले तेव्हा एक सडपातळशी मुलगी पर्स पोटाशी धरून वाकून वाचत होती. कुणाबरोबर आलीस, असं मी तिला विचारलं नाही.