दूध पुरतं का विचारणाऱ्यांनो, बाळ पितं कसं ते एकदा तरी बघा

आज पुन्हा ऐकलं. लेक साडेचार महिन्यांची आहे, अंगाने भरलीय, गालाला बोट लावलं की खुदकन हसते. तरी भेटायला आलेल्या बाईंनी टेकल्या टेकल्या विचारलं, "दूध पुरतं का गं तुझं?" मी काही बोलले नाही. आत जाऊन दार लावून घेतलं. तिथे गिळलं ते सगळं आता इथे बाहेर काढतेय, कारण आणखी गिळणं मला शक्य नाही.

पहिल्या सात आठवड्यांत हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल! सासूबाई, माझी स्वतःची आई, नणंद, शेजारच्या काकू, डॉक्टर. दूध पुरत नाही. दूध पातळ आहे. दूध अंगाला लागत नाही. तू टेन्शन घेतेस ना, म्हणून उतरत नाही. आणि या सगळ्यांपैकी एकानेही, अगदी एकानेही, माझ्या शेजारी वीस मिनिटं बसून बाळ नेमकं पितं कसं हे पाहिलं नाही. मला राग आहे तो याचा. बाकी सगळं मी सोडून दिलंय, हे सुटत नाही.

लेक जन्मली तेव्हा 2 किलो 900 ग्रॅमची होती. चौथ्या दिवशी 2 किलो 650. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, दहा टक्क्यांपर्यंत उतरलं तर लगेच घाबरायचं नसतं, हे मला आज माहीत आहे. तेव्हा कोणी सांगितलं नाही. नर्सने आकडा फाइलीत लिहिताना नुसती मान हलवली आणि माझ्या पोटात गोळा आला. दहा ते चौदा दिवसांत बाळ जन्माच्या वजनावर परत यायला हवं. माझी आली नाही. एकविसाव्या दिवशी काट्यावर 2 किलो 780. तीन आठवडे रात्रंदिवस मांडीवर घेऊन बसल्यावर!

आमचं पाजणं कसं होतं ते सांगते. ती तोंडात धरायची, चार घोट ओढायची, सुटायची, रडायची, पुन्हा धरायची. ओढताना तोंडातून 'टक्, टक्' असा आवाज यायचा. ओठांच्या कडेने दूध ओघळून मानेच्या वळीत साचायचं. दहा मिनिटांत दमून झोपायची, मग तळपाय चोळून, अंगावरचे कपडे काढून तिला जागं करायचं. अर्ध्या तासाने पुन्हा भुकेने आकांत. माझी बोंडं दोन्हीकडे चिरलेली. तिच्या तोंडातून सुटलं की बोंड गोल नसायचंच, एका बाजूने चेपलेलं, नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं, आणि टोकाला पांढरं पडलेलं. हे मी डॉक्टरांना सांगितलं होतं, याच शब्दांत. उत्तर आलं, "पहिल्या वेळी थोडं दुखतंच."

थोडं? तिने तोंड उघडलं की माझ्या पायांची बोटं आखडायची. टॉवेलचा बोळा दातांत धरून मी पाजत होते. आपल्याच लेकराचं उघडं तोंड बघून भीती वाटावी, आणि त्या भीतीची लाज वाटावी, आणि हे सगळं कोणापुढे बोलताही येऊ नये.

मग चिठ्ठीवर लिहून मिळालं: आधी अंगावर, मग वरून वाटी-चमच्याने किंवा बाटलीने, मग पंपाने दूध काढा, दर 3 तासांनी. लिहिणाऱ्याने एकदा तरी हिशोब करून बघावा. अंगावर चाळीस मिनिटं, वरचं पाजायला वीस, पंपाला वीस, सगळं धुऊन उकळायला दहा. झाला दीड तास. आठ वेळा म्हणजे दिवसाचे बारा तास, आणि यात ढेकर काढणं, गुळणी टाकली की कपडे बदलणं, लंगोट, माझं स्वतःचं जेवण, आंघोळ, काहीच धरलेलं नाही. झोप सलग एक तास मिळाली तरी नशीब. हा प्रकार थोडे दिवस, कोणाच्या तरी देखरेखीखाली करायचा असतो. मला मात्र कधी थांबायचं ते कोणी सांगितलंच नाही. मी साडेतीन आठवडे केलं.

एका रात्री तीन वाजता पंचवीस मिनिटं पंप लावून 35 मिलि निघालं होतं. झाकण लावायला वळले आणि कोपर लागलं. बाटली आडवी. चादरीवर तो ओला डाग पसरत जाताना मी नुसती बघत राहिले. मग चादर मुठीत धरून पिळायला लागले, बाटलीच्या तोंडावर. नवरा जागा झाला, म्हणाला, "जाऊ दे गं, परत काढ." परत काढ! त्याचं मन वाईट नव्हतं, सगळ्या बाटल्या तोच धूत होता. पण त्या दोन शब्दांनी मी इतकी तुटले की सकाळपर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

आणि सल्ले? पाणी पाज म्हणे, तहान लागली असेल. अहो, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी द्यायचं नसतं, चिमुकलं पोट पाण्याने भरलं तर ते दूध कुठे पिणार? पावडर जरा घट्ट कालव म्हणे, वजन लवकर वाढेल. डब्यावर दिलेल्या प्रमाणापेक्षा घट्ट केलं तर बाळाच्या किडनीवर ताण येतो. हे मला चुलीपाशी नाही, पुस्तकात नाही, रात्री दोन वाजता एका हाताने फोनवर शोधून वाचावं लागलं, कारण समोरची माणसं छातीठोकपणे उलटं सांगत होती.

दुसऱ्या बाजूचे लोक वेगळेच. वरचं दूध देतेस? अगंबाई! जागतिक आरोग्य संघटना काय सांगते ते मला पाठ आहे: जन्मल्यावर पहिल्या तासात छातीशी, सहा महिने फक्त अंगावरचं, पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षं आणि त्यानंतरही. मला ते पटतंसुद्धा. तपासणीसाठी थांबायचं तिथे भिंतीवर पोस्टर होतं, पिणारं बाळ आणि हसरी आई. त्याच्याखाली बसून मी डब्यातलं दूध पाजलं आणि बायकांच्या नजरा झेलल्या. पण त्या आठवड्यांत माझ्या लेकीचं वजन त्या डब्याने वाढवलं, पोस्टरने नाही, आणि ते दिल्याबद्दल मी कोणाचीही माफी मागणार नाही.

सातव्या आठवड्यात एका मैत्रिणीच्या ओळखीने एक स्तनपान सल्लागार भेटल्या. आल्या, हात धुतले, म्हणाल्या, "नेहमी पाजतेस तसं पाज, मी नुसती बघते." आणि खरंच बघत बसल्या. मध्ये एक शब्द नाही. पाजायच्या आधी आणि नंतर, त्याच कपड्यांत, लेकीचं वजन केलं. चाळीस मिनिटांत ती 18 ग्रॅम दूध प्यायली होती. मग रडत असताना तिच्या तोंडात बघितलं. जीभ वर उचललीच जात नव्हती, मधोमध खाली ओढली गेल्यामुळे टोकाला बदामासारखी खाच पडत होती. जिभेखालून बोट फिरवलं. "जीभ चिकटलेली आहे गं हिची." टंग-टाय, म्हणजे जिभेखालची पट्टी आखूड असल्याने जीभ नीट हलत नाही. बस्स. एवढंच. तो 'टक्' आवाज, ते तिरकं बोंड, ते ओघळणारं दूध, तिचं दमून झोपणं, सगळं एका जागी येऊन थांबलं.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि मी ढसाढसा रडले. छातीतून जितकं दूध निघतं तितकं नवं बनतं. बाळाला ओढता येत नसेल तर छाती रिकामी होत नाही, आणि रिकामी झाली नाही की बनणंही कमी होत जातं. म्हणजे माझं दूध कमी म्हणून ती उपाशी नव्हती. तिला ओढता येत नव्हतं म्हणून माझं दूध आटत चाललं होतं. सात आठवडे सगळं जग मला हे उलटं वाचून दाखवत होतं, आणि मी ते खरं मानून स्वतःला रोज शिव्या देत होते.

शल्यविशारदांनी ती पट्टी कात्रीने मोकळी केली, काही सेकंदांचं काम. रक्ताचे दोन-चार थेंब, आणि लगेच अंगावर. जादू वगैरे झाली नाही. तिला नव्याने ओढायला शिकायला तीनेक आठवडे लागले, मलाही भीती सोडायला तितकेच. आज दिवसातून एकदा वरचं देते, बाकी अंगावर.

आता कोणीतरी म्हणेल, मग सगळ्या बाळांच्या जिभा कापायच्या का? नाही. जीभ चिकटलेली असूनही कितीतरी बाळं छान पितात. कोणाचं बाळ दिवस पूर्ण व्हायच्या आधी आलेलं असतं, त्याला ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळच बसत नाही. कोणाला रिफ्लक्स असतो, प्यायलेलं दूध पोटातून पुन्हा वर येतं. कोणाला दुधातलं प्रोटीन सोसत नाही. आणि काही आयांना खरंच दूध कमी येतं, त्यात त्यांचा काडीचाही दोष नसतो. म्हणून तर बघायला हवं ना! गिळल्याचा आवाज येतो का, पाचव्या-सहाव्या दिवसानंतर दिवसाला निदान सहा लंगोट ओले होतात का, पाजताना आई कळवळते का. यासाठी कुठलं महागडं मशीन लागतं?

काल जुनी फाइल चाळत होते. घरी सोडायच्या दिवशीच्या कागदावर लिहिलंय, 'स्तनपान: व्यवस्थित'. तो क्षण मला लख्ख आठवतो. लेक झोपलेली होती. नर्स दारातच उभी राहिली, हातात पेन, मागे आणखी चार खोल्या राहिलेल्या. तिने विचारलं, "पाजताय ना?" मी हो म्हटलं, पाजत तर होतेच.