हायबरीची बाग बघून हळहळणाऱ्यांनो, जरा अप्टन पार्कलाही जा

परवापासून आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर हायबरीचं एक रील फिरतंय. लंडनच्या आर्सेनल फुटबॉल क्लबचं जुनं ग्राउंड, तिथे आता फ्लॅट झालेत, आणि ज्या गवतावर हेन्री धावायचा तिथे छान बाग, चारी बाजूंनी बाल्कन्या, कोवळं ऊन वगैरे. खाली कमेंट्स, "बघा, वारसा जपावा तर यांनी, नाहीतर आपण." ग्रुपवर उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं म्हणून इथे लिहितेय. भांडण इथेही होईलच, पण निदान ऐसपैस होईल.

हायबरी सुंदर झालंय यात वादच नाही, मी जाऊन बघितलंय. पण ईस्ट स्टँड ठेवला तो काही प्रेमापोटी नाही, १९३६ चा आर्ट डेको स्टँड, सरकारच्या संरक्षित यादीतला, पाडायची सोयच नव्हती. वेस्ट स्टँडचा बाहेरचा चेहरा ठेवला, आणि दोन्ही गोलमागचे स्टँड, नॉर्थ बँक आणि क्लॉक एंड, जिथे खरा आरडाओरडा चालायचा, ते गेले. बिल्डर कोण, तर क्लबच! २००६ मध्ये शेजारीच एमिरेट्स या नव्या स्टेडियमला गेले, त्याचं कर्ज डोक्यावर, मग जुन्या जागेवर फ्लॅट बांधून विकले, त्यात २००८ ची मंदी आली आणि बुकिंगवाले मागे हटायला लागले तेव्हा क्लबची चांगलीच तंतरली होती. शेवटी सगळं निभावलं. म्हणजे हा धंदा होता, नीट केलेला धंदा, माझी काही तक्रार नाही, फक्त त्याला भक्ती म्हणू नका.

बरं, ही ग्राउंड्स सोडायची वेळ का आली तेही बघा. १५ एप्रिल १९८९, शेफील्डचं हिल्सबरो ग्राउंड. उभं राहून मॅच बघायच्या स्टँडमध्ये चेंगराचेंगरी झाली, त्यात ९७ जीव गेले. १९९० मध्ये त्या चौकशीचा टेलर रिपोर्ट आला आणि वरच्या दोन डिव्हिजनच्या ग्राउंडवर प्रत्येकाला बसायला सीट हवी असं ठरलं. आता ही जुनी ग्राउंड्स कुठे होती, तर कामगारांच्या घरांच्या रांगांमध्ये कोंबलेली, मागच्या दाराला लागून स्टँड. सीट टाकल्या की माणसं निम्मी मावणार आणि वाढवायला जागा नाही. मग गावाबाहेर नवं स्टेडियम आणि जुन्या जागेवर घरं किंवा सुपरमार्केट. त्यामुळे "ग्राउंड वाचवायला हवं होतं" हे नुसतं म्हणायला सोपं आहे, माणसं मेल्यावर काहीतरी बदलणं भागच होतं.

उत्तरेकडे तर हे एकदम साधेपणाने झालं आणि मला तेच जास्त आवडतं. संडरलँडचं रोकर पार्क १८९८ पासून १९९७ पर्यंत, तिथे आता साधी दुमजली घरं आहेत आणि गल्ल्यांची नावं प्रमोशन क्लोज, मिडफील्ड ड्राइव्ह, गोलमाउथ क्लोज, टर्नस्टाइल म्यूज. पोस्टमन हसत असेल. आणि मिडल्सबरोचं एअरसम पार्क, हे माझं सगळ्यात लाडकं. १९६६ च्या वर्ल्ड कपमध्ये नॉर्थ कोरियाने इटलीला इथेच १-० हरवलं होतं, गोल पाक डू-इक या खेळाडूचा. कोरियावाले ग्रुपच्या तिन्ही मॅचेस इथेच खेळले, जर्सी लाल, मिडल्सबरोचीही लाल, आणि गावाने त्यांना असं काही उचलून धरलं की क्वार्टर फायनलला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कलाही त्यांच्यासाठी ओरडायला माणसं गेली. (तिथे ३-० ने पुढे असताना ५-३ ने हरले, पोर्तुगालच्या युसेबिओने एकट्याने चार मारले, पण ते जाऊ दे.) तर १९९५ मध्ये ग्राउंड बंद, नंतर तिथे घरं, आणि एका कलाकाराने पाक डू-इकने जिथून गोल मारला बरोबर त्या जागी बुटाच्या स्टड्सचे ठसे ब्राँझमध्ये करून बसवलेत. कुणाच्या तरी घरापुढच्या हिरवळीत! २००२ मध्ये त्या टीममधले हयात खेळाडू मिडल्सबरोला येऊन गेले, पाक डू-इकसुद्धा. रोज सकाळी गाडी काढताना इटलीला हरवल्याची खूण दिसते, अजून काय पाहिजे? आणि मुद्दा असा की ही घरं साधी आहेत. ज्याचा बाप त्या स्टँडमध्ये उभा राहून घसा बसवून घ्यायचा त्याला तिथे घर घेणं अशक्य कोटीतलं नाही. तसं असेल तर नावं, ठसे, पुतळे काय वाट्टेल ते लावा.

आता अप्टन पार्क. लंडनमध्ये ईस्ट हॅमला राहिलेल्या मराठी लोकांना हे सांगायला नको, आपली अर्धी आयटी पब्लिक पहिल्यांदा तिथेच उतरते. मीही तिथलीच. ग्रीन स्ट्रीटवर कोथिंबीर, कढीपत्ता, साड्या, सोनं सगळं मिळतं आणि त्याच रस्त्यावर वेस्ट हॅम क्लबचं हे ग्राउंड होतं. ही मूळची थेम्सकाठच्या जहाज कारखान्याच्या कामगारांची टीम, १८९५ ची, म्हणून अजून त्यांच्या बिल्ल्यावर हातोडे आहेत. १९०४ ते २०१६ इथे खेळले, शेवटच्या मॅचला मँचेस्टर युनायटेडला ३-२ हरवलं, त्याआधी युनायटेडच्या बसवर बाटल्या फेकल्या आणि मॅच पाऊण तास उशिरा सुरू झाली. तसं हे ग्राउंड सगळ्यांचंच लाडकं होतं असंही नाही. सत्तरच्या दशकात बाहेर नॅशनल फ्रंटवाले, म्हणजे गोऱ्यांशिवाय कुणी नको म्हणणाऱ्या पक्षाचे लोक, पेपर विकायचे, आणि आमच्या कोपऱ्यावरचे गुजराती दुकानदार काका सांगायचे की तेव्हा शनिवारी मॅच असली की दुपारीच शटर खाली, पोरांना आत घ्यायचं आणि गर्दी पांगेपर्यंत बाहेर बघायचं नाही. नंतर तेच काका मॅचच्या दिवशी समोसे विकून पैसे कमवायला लागले, आणि क्लब गेल्यावर "धंदा बसला" म्हणून कुरकुरायला लागले. दोन्ही खरं आहे. म्हणून मला त्या ग्राउंडबद्दल गहिवर वगैरे येत नाही.

मला राग येतो तो हिशेबाचा. वेस्ट हॅम इथून गेलं ते २०१२ च्या ऑलिम्पिकच्या स्टेडियमला, ते जनतेच्या पैशाने बांधलेलं, ते फुटबॉलसाठी बदलायला ३०० मिलियन पाउंडच्या वर खर्च आला, त्यात वेस्ट हॅमने दिले १५ मिलियन, आणि भाडं ठरलं वर्षाला साधारण अडीच मिलियन, ९९ वर्षांसाठी. अडीच मिलियन म्हणजे प्रीमियर लीगमधल्या एका साध्या खेळाडूचाही वर्षाचा पगार भागत नाही. ज्या न्यूअम कौन्सिलच्या हद्दीत हे सगळं, तिने त्या स्टेडियमसाठी ४० मिलियनचं कर्ज दिलं आणि २०१७ मध्ये ते बुडीत खात्यात टाकलं. आणि याच न्यूअममध्ये कौन्सिलच्या घरांसाठीची वेटिंग लिस्ट लंडनमधल्या सगळ्यात लांब लिस्टपैकी एक. आता स्वतःचं जुनं ग्राउंड मात्र क्लबने बिल्डरला विकलं, आणि बिल्डरच्या पहिल्या प्लॅनमध्ये आठशेच्या वर घरांपैकी परवडणारी किती, तर ६ टक्क्यांच्या आसपास! तीही अशी की थोडा हिस्सा विकत घ्या आणि उरलेल्याचं भाडं भरत बसा. स्थानिक लोकांनी बोंबाबोंब केली, सगळीच्या सगळी घरं सोशल हाउसिंगची, म्हणजे कमी भाड्याची, करा म्हणाले, शेवटी पाव हिस्स्यावर मांडवली झाली. आज तिथे ८४२ घरं उभी आहेत. कोपऱ्यावर वेस्ट हॅमच्या आणि १९६६ च्या इंग्लंड टीमच्या कॅप्टनचा, बॉबी मूरचा, वर्ल्ड कप उंचावलेला पुतळा आहे, विक्रीच्या जाहिरातीत क्लबचा इतिहास आहे, आठवणींना काही कमी पडू दिलेलं नाही.

आठवण जपायला बिल्डरला काही पैसे पडत नाहीत हो. गल्लीला खेळाडूचं नाव द्यायला एक पाटी लागते. साउथॅम्प्टनच्या द डेल या जुन्या ग्राउंडच्या जागी फ्लॅटच्या बिल्डिंगला त्यांच्या लाडक्या खेळाडूचं, ल टिसिए याचं नाव आहे, छान वाटतं, आणि फ्लॅट विकायलाही बरं पडतं. आपल्याला हे कळायला लंडनला जायची गरजच नाही, परळला फिनिक्स मिलची चिमणी ठेवलीये की मॉलमध्ये, लोक फोटो काढतात. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचा तिसरा हिस्सा म्हाडाला, तिसरा मोकळ्या जागेला जायचा होता, २००१ मध्ये ते फक्त गिरणीतल्या आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरतं झालं आणि बाकी सगळं मालकाला. चिमणी मात्र शाबूत. त्यामुळे "गोरे जपतात आणि आपण नाही" हे मला पटतच नाही, दोघंही जपतात, फुकटात जपता येतं तेवढं.

माझं म्हणणं एवढंच की ग्राउंडवर घरं होण्याला माझा विरोध नाही, उलट शहराच्या मध्यात स्टेशनजवळ एवढी जागा मोकळी होते तर तिथे घरंच व्हावीत. पण मग शंभर वर्षं ज्यांनी तिकीट काढून तो क्लब पोसला त्या वस्तीतल्या किती जणांना तिथली किल्ली मिळाली ते आधी सांगा, बाग आणि आर्ट डेको नंतर.

आता गुडिसन पार्कचंच घ्या. एव्हर्टन हा लिव्हरपूल शहरातला क्लब १८९२ पासून तिथे होता, मे २०२५ मध्ये पुरुषांची शेवटची मॅच झाली. आधी प्लॅन होता की ते पाडून तिथे घरं, आरोग्य आणि शिक्षणासाठी जागा असं काहीतरी करायचं, कौन्सिलची तत्त्वतः मंजुरीही होती. मग जाहीर झालं की पाडायचं नाही, महिला टीम तिथे खेळणार. बाई म्हणून आणि फुटबॉलवेडी म्हणून मी त्या दिवशी ऑफिसात नाचायचीच बाकी होते, एवढ्या मोठ्या ग्राउंडवर बायकांची टीम हक्काने! पण ग्राउंड ज्या वॉल्टनमध्ये आहे तो लिव्हरपूलचा गरीब भाग आहे, आणि त्या जुन्या प्लॅनमधली घरं आता कुठे होणार हे मी एव्हर्टनवाल्या तीन-चार जणांना विचारलं तर सगळ्यांनी मला नव्या स्टेडियमचे फोटो पाठवले. कोणाला माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा, लिंक नको, समजेल असं सांगा.